‘तुमच्या राहणीमुळे बुरशी आली’: भाड्याचं घर आणि एजंटशी वाद

या वेळच्या टपालात इंग्लंडमध्ये भाड्याने राहणाऱ्या वाचकांची पत्रं बरीच होती. प्रश्न वेगवेगळे, पण कुरबूर एकच: घराची अवस्था आधी कशी होती, ती कुणामुळे बिघडली आणि पैसे कुणी भरायचे. खालची उत्तरं इंग्लंडमधल्या खासगी भाड्याच्या घरांपुरती आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत, तिथल्या वाचकांनी यातले कायद्याचे मुद्दे जसेच्या तसे उचलू नयेत.

प्रश्न: आम्ही लेस्टरमध्ये एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. थंडी सुरू झाल्यापासून बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे काळी बुरशी धरली आहे. एजंटचा माणूस आला, भिंतीला मीटर टेकवलं आणि म्हणाला, “तुम्ही घरात कपडे वाळवता, स्वयंपाक फार करता, खिडक्या उघडत नाही. ही तुमच्या राहणीमुळे आलेली ओल आहे.” आता भिंत साफ करून रंगवण्याचा खर्च डिपॉझिटमधून कापू, असा ईमेल आलाय. मुलगा तीन वर्षांचा आहे, रात्री खोकतो. काय करावं?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर: एजंटचा माणूस बोलून गेला ते निदान नव्हे आणि निकाल तर नव्हेच. एजंट घरमालकाच्या वतीने काम करतो. त्याचं म्हणणं ही एका पक्षाची बाजू आहे, एवढंच समजून चला.

ओल तीन प्रकारची असते आणि तिघींच्या खुणा वेगळ्या. जमिनीतून चढणारी ओल तळमजल्यावर दिसते. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत आडवा पट्टा पडतो आणि त्याच्या कडेला पांढरट खार फुटतो. तुम्ही वरच्या मजल्यावर आहात, त्यामुळे ती बाद. बाहेरून झिरपणाऱ्या ओलीचा ठिपका ठरावीक जागी, ठळक कडेचा असतो आणि पावसानंतर एक-दोन दिवसांत गडद होतो. बाहेर जाऊन नेमक्या त्याच जागेच्या वर पाहा: फुटलेलं किंवा तुंबलेलं गटर, सरकलेली कौलं, विटांमधून गळून पडलेला चुना. तिसरा प्रकार म्हणजे हवेतली वाफ गार भिंतीवर बसणं. काळी बुरशी, तीही कोपऱ्यात, कपाटामागे, खिडकीच्या चौकटीवर, ही त्याची खूण. तुमच्या वर्णनावरून हाच प्रकार वाटतो. एजंटही तेच म्हणतोय. चूक आहे ती त्यानंतरच्या उडीत, की वाफ आहे म्हणजे दोष तुमचा.

वाफ बसायला दोन गोष्टी लागतात, दमट हवा आणि गार भिंत. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, म्हणजे अगदी नेहमीची परिस्थिती, तर १२ अंशांच्या पृष्ठभागावर पाण्याचे थेंब जमतात. बुरशीला थेंबांचीही गरज नसते. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांवर राहिली की ती धरते, आणि याच खोलीत त्यासाठी भिंत १५ अंशांच्या आसपास उतरली तरी पुरते. बाहेर शून्याजवळ तापमान असताना, आत काहीही आवरण नसलेल्या जुन्या विटांच्या भिंतीचा कोपरा सहज तिथे जातो. तुमची भिंत तशी आहे का ते रस्त्यावरूनच कळतं. विटांच्या रांगेत लांब बाजू आणि आखूड डोकी आलटून पालटून दिसत असतील तर भिंत बहुधा भरीव आहे, मध्ये पोकळी नाही. सगळ्या लांब बाजूच दिसत असतील तर बहुधा पोकळीची भिंत. भिंत भरीव असेल तर तेवढं एक वाक्य फोटोसह तुमच्या पत्रात आलं की ‘राहणी’चा मुद्दा निम्मा गळतो.

मीटरबद्दलही थोडं. दोन सुयांचं मीटर विजेचा रोध मोजतं आणि त्याचे आकडे लाकडासाठी बसवलेले असतात. प्लास्टरमध्ये खार असेल किंवा पृष्ठभागावर वाफ बसलेली असेल तर ते ‘ओलं’ दाखवतं. ओल कुठून आली हे ते सांगूच शकत नाही.

आता तुमच्या बाजूचा भाग, तोही खरा आहे. धुतलेल्या कपड्यांच्या एका खेपेतून दोनेक लिटर पाणी हवेत जाऊ शकतं. चौघांच्या घरात अंघोळ, स्वयंपाक, श्वास सगळं धरून दिवसाला दहा लिटरच्या आसपास. तेव्हा कपडे वाळवायचे तर बाथरूममध्ये, दार लावून आणि पंखा चालू ठेवून. कुकर चढवण्याआधी पंखा लावा आणि स्वयंपाक संपल्यावर वीसेक मिनिटं चालू ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर पुढे ओढा. खिडकीच्या वरच्या अंगाला हवेची पट्टी असेल तर ती उघडी असू द्या. बऱ्याच जणांनी गार वारा येतो म्हणून ती टेपने बंद केलेली असते आणि एजंटच्या फोटोत नेमकी तीच टेप येते.

पण पंखा तरी ओढतो का? टॉयलेट पेपरचा एक तुकडा पंख्याच्या जाळीला लावून सोडा. चिकटून राहिला तर ठीक, गळून पडला तर पंखा नुसता आवाज करतोय. त्याचा व्हिडिओ घ्या. नव्या कामासाठी इमारतींच्या नियमांत बाथरूमच्या पंख्याला सेकंदाला १५ लिटर आणि स्वयंपाकघरात शेगडीवरच्या पंख्याला ३० लिटर हवा ओढण्याची अट आहे. जुन्या घराला ती आपोआप लागू होत नाही, पण पुरेसं म्हणजे किती हे सांगायला तो आकडा चांगला.

यापुढचे दोन आठवडे एक वही ठेवा. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र दहा-पंधरा पौंडांना मिळतं, ते बेडरूममध्ये ठेवा. सकाळी सातला आणि रात्री दहाला आकडे लिहा, सोबत हीटिंग चालू होतं का तेही. आर्द्रता बहुतेक वेळ साठच्या खाली आणि तापमान अठराच्या वर असूनही बुरशी वाढत असेल तर दोष भिंतीचा, आणि तुमच्या हातात पुरावा आहे. आकडा सतत सत्तरच्या वर असेल तर हवा खेळत नाही. तेव्हा प्रश्न पंख्याचा आणि तुमच्या सवयींचा, दोन्हींचा.

कायदा सांगतो तो असा. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम ११ नुसार इमारतीचा सांगाडा, बाहेरचा भाग, गटर, पाण्याचे नळ, वीज, गॅस, हीटिंग आणि गरम पाणी यांची दुरुस्ती घरमालकाकडे असते. पण काही मोडलेलं नसताना निव्वळ वाफेमुळे आलेल्या बुरशीला हे कलम अपुरं पडायचं, आणि ‘राहणी’चा बचाव नेमका त्या फटीत वाढला. २०१८ चा ‘माणसाने राहण्याजोगं घर’ हा कायदा २० मार्च २०१९ पासून लागू झाला आणि ती फट बुजली. आता काही मोडलेलं असो वा नसो, घर राहण्याजोगं असलंच पाहिजे, आणि ओल हा त्यातला एक मुद्दा आहे. भाडेकरूने घर बेपर्वाईने वापरलं म्हणूनच धोका झाला असेल तर घरमालक सुटतो. पण रोज वरण-भात शिजवणं आणि मुलाला अंघोळ घालणं ही बेपर्वाई नव्हे. सामाजिक घरांच्या, म्हणजे नगरपालिका (काउन्सिल) आणि गृहसंस्था भाड्याने देतात त्यांच्या, तक्रारी पाहणाऱ्या हाउसिंग ओम्बड्समनने ऑक्टोबर २०२१ च्या अहवालात घरमालकांना हेच बजावलं: ओलीचं खापर भाडेकरूच्या राहणीवर फोडणं थांबवा.

लेखी तक्रार आजच पाठवा, फोनवर नको. त्यात इतकंच असू द्या: बुरशी कोणत्या खोलीत, कोणत्या भिंतीवर, किती बाय किती सेंटिमीटर, कधीपासून, पंख्याची चाचणी, वहीतले आकडे मागाहून पाठवतो अशी नोंद, घरात तीन वर्षांचं मूल आहे आणि त्याला खोकला आहे, भिंतीची तपासणी आणि कारणाचं लेखी निदान हवं, १४ दिवसांत उत्तर द्यावं. ‘तुम्ही लोक नेहमीच’ छापाची वाक्यं गाळा. हा ईमेल पुढे तिसरा माणूस वाचणार आहे. मुलाला डॉक्टरकडे न्या आणि घरातल्या बुरशीची नोंद त्याच्या कागदपत्रांत करून घ्या.

चौदा दिवसांत हालचाल झाली नाही तर काउन्सिलच्या एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ विभागाकडे जा. तिथला अधिकारी घर पाहून धोक्याची वर्गवारी करतो. पहिल्या वर्गाचा धोका ठरला तर कारवाई करणं काउन्सिलवर बंधनकारक असतं. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा बुरशीच्या घरात राहून दगावला. घरमालकाने ओल-बुरशीची दखल किती दिवसांत घ्यायची याचे, त्याच्या नावाचे नियम २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहेत, पण ते सामाजिक घरांना. खासगी घरांना ते लावण्याची तरतूद २०२५ च्या रेंटर्स राइट्स ॲक्टमध्ये केलेली आहे.

फोटो काढल्याशिवाय भिंत पुसू नका. पुसताना कोरडा ब्रश मारू नका, बुरशीची भुकटी खोलीभर उडते. बुरशीनाशक द्रव, ओलं फडकं आणि हातमोजे वापरा. ब्लीचमध्ये दुसरं कोणतंही क्लीनर मिसळू नका. आणि एजंटने वरून नुसता रंग मारून दिला तर त्याचाही तारखेसह फोटो ठेवा, कारण पुढच्या हिवाळ्यात ती बुरशी त्याच रंगातून वर येईल.

प्रश्न: रेडिंगमधलं घर तीन वर्षांनी सोडलं. भाडं महिना १,३०० पौंड, डिपॉझिट १,५००. एजंटने यादी पाठवली: व्यावसायिक सफाई २६०, हॉलचं कार्पेट नवीन ६४० (इस्त्रीचा एक डाग पडला होता, ते खरं आहे), सगळ्या घराचा रंग ४२०, ओट्याची फळी बदलणं ३८० (हळदीचे डाग). बेरीज १,७०० होते. म्हणजे डिपॉझिट जाऊन वर २०० आम्हीच द्यायचे?
– एक वाचक, रेडिंग

उत्तर: डिपॉझिट हे घरमालक हक्क सिद्ध करेपर्यंत तुमचेच पैसे असतात. कापायचे असतील तर नुकसान झालं, ते तुमच्याकडून झालं आणि त्याची किंमत इतकी आहे, हे तिन्ही घरमालकाने दाखवायचं. तुम्ही काहीच सिद्ध करायचं नसतं, मात्र समोरच्याचा पुरावा खोडायला कागद लागतात.

कार्पेटपासून सुरुवात करू, कारण तिथे खरोखर डाग आहे. जुन्याच्या जागी नवं असा हिशेब चालत नाही. घरमालकाला वस्तूचं उरलेलं आयुष्य मिळतं, नवी वस्तू नाही. भाड्याच्या घरातल्या मध्यम प्रतीच्या कार्पेटचं आयुष्य आठ वर्षं धरा. ६४० भागिले ८, म्हणजे वर्षाला ८० पौंड. तुम्ही राहायला आलात तेव्हा ते कोरं होतं, तर तीन वर्षं वापरून झाली, पाच उरली, जास्तीत जास्त ४०० पौंड. तुम्ही आलात तेव्हाच ते पाच वर्षांचं होतं, तर उरलं शून्य. एकच डाग, पण कार्पेटच्या वयावर शून्य की चारशे हे ठरतं. म्हणून एजंटला पहिला प्रश्न हाच विचारा: कार्पेट कधी टाकलं, त्याचं बिल दाखवा. बिल नसेल तर वय त्यांना सिद्ध करता येणार नाही. इस्त्रीएवढ्या जळक्या डागाला त्याच कार्पेटचा तुकडा लावता येतो का, हेही विचारा. तुकड्याचा खर्च वाजवी ठरला तर पूर्ण कार्पेटची मागणी टिकत नाही.

रंगाचं आयुष्य त्याहून कमी. तीन वर्षं माणसं राहिल्यावर फिकटपणा, सोफा घासल्याच्या रेषा आणि दिव्याच्या बटणाभोवतीचा काळपटपणा ही साधी झीज आहे, आणि तिचे पैसे भाड्यातच वसूल झालेले असतात. मुलाने रंगीत पेन्सिलीने भिंत भरवली असेल किंवा खिळ्यांची मोठी भोकं असतील तर ती झीज नव्हे. पण त्यासाठीही सगळं घर रंगवण्याचा खर्च तुमच्या माथी येत नाही, आला तर त्या भिंतीचा, तोही वापरलेली वर्षं वजा करून.

सफाईत मात्र सावध राहा. घाण ही झीज मानली जात नाही. तीन वर्षांनीही घर तुम्हाला मिळालं तितकंच स्वच्छ परत द्यावं लागतं. १ जून २०१९ पासून लागू झालेल्या टेनंट फीज ॲक्टमुळे ‘आमच्याच कंपनीकडून सफाई करून घ्या’ किंवा ‘व्यावसायिक सफाईची पावती आणा’ अशी सक्ती करता येत नाही. दर्जा मागता येतो, पावती नाही. इन्व्हेंटरीत (घर ताब्यात देताना सामान आणि त्याची स्थिती नोंदवणाऱ्या यादीत) सुरुवातीला ‘बऱ्यापैकी स्वच्छ’ लिहिलं असेल तर चकचकीत घर मागण्याचा हक्क त्यांना नाही. आपल्या स्वयंपाकघरात अडकतं ते तेलात. फोडणीची वाफ कपाटांच्या वरच्या पृष्ठभागावर चिकट थर करते. तो रोज दिसत नाही, पण घर सोडताना तपासणी (चेक-आउट) करणारा माणूस तिथे पांढरा कागद फिरवून फोटो घेतो. शेगडीवरच्या पंख्याची धातूची जाळी, ओव्हनच्या दाराच्या काचा, वॉशिंग मशीनच्या रबराची घडी, नळाच्या बुंध्याशी साचलेला क्षार, या जागा त्याच्या ठरलेल्या. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर धुण्याच्या सोड्यात बुडवू नका, काळी पडते. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो.

हळदीचा डाग हे अर्धं रसायनशास्त्र आहे. साबण लागला की तो लाल होतो हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही, तिथला सफाईवाला मात्र लाल झालेला डाग पाहून नवा डाग पडला म्हणून लिहून ठेवतो. हळदीचा पिवळा रंग उजेडात टिकत नाही. खिडकीजवळचा डाग धुऊन, ऊन लागेल असा ठेवला तर काही दिवसांत फिकट होतो. घर सोडायच्या आदल्या रात्री घासत बसण्यापेक्षा आठवडाभर आधी कामाला लागणं बरं. तुमचं घर आता हातातून गेलंय, तेव्हा मुद्दा प्रमाणाचा: फळी तुटलेली नाही, फुगलेली नाही, वापरता येते. अशा डागासाठी फळीचा बदली खर्च सहसा मिळत नाही, दिसण्यात झालेल्या नुकसानीपोटी काही रक्कम मिळू शकते, तीही फळीचं वय पाहून.

आता करायचं काय. यादीतल्या प्रत्येक ओळीला वेगळं उत्तर लिहा: मान्य, अंशतः मान्य (इतके पौंड), अमान्य. कार्पेटसाठी वाजवी आकडा स्वतःहून दिलात तर बाकीच्या नकारांना वजन येतं. वादात नसलेली रक्कम लगेच परत मागा. जमलं नाही तर डिपॉझिट ज्या सरकारमान्य स्कीममध्ये (ते सुरक्षित ठेवणाऱ्या संस्थेत) आहे तिथे मोफत तंटा-निवारणाची मागणी करा. इंग्लंडमध्ये अशा तीन स्कीम आहेत: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. मुदत लक्षात ठेवा, पैसे एजंटकडेच राहतात अशा विम्याच्या प्रकारात भाडेकरार संपल्यापासून साधारण तीन महिने मिळतात. सुनावणी नसते, घराला कुणी भेट देत नाही, सगळा निवाडा कागदांवर होतो आणि तो दोघांना बंधनकारक असतो. स्कीम डिपॉझिटपेक्षा जास्त रक्कम देववू शकत नाही. वरचे २०० हवे असतील तर घरमालकाला कोर्टात जावं लागेल, आणि वरच्या हिशेबानंतर तो जाईल असं वाटत नाही.

प्रश्न: चेक-आउट रिपोर्टमध्ये ‘मसाल्यांचा वास’ असं लिहून १५० पौंड मागितले आहेत.
– एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर: वासाचा फोटो निघत नाही. कुणाला वास आला, किती दिवस टिकला, घालवण्यासाठी काय केलं आणि त्याचं बिल कुठे आहे, हे विचारा. पडदे आणि कार्पेटमध्ये खरोखर तेलकट वास मुरला असेल आणि ते धुतल्याची पावती असेल तर काही रक्कम लागू शकते. नुसता शेरा पुरत नाही. आणि ‘मसाल्यांच्या’ वासामुळे तुमच्या लोकांना घर देत नाही, अशी भाषा कुणी केली तर तो डिपॉझिटचा प्रश्नच राहत नाही. केंटमधल्या एका मोठ्या घरमालकाच्या अशाच धोरणाला कोर्टाने २०१७ मध्ये बेकायदा ठरवून मनाई हुकूम दिला होता.

प्रश्न: बॉयलर बारा दिवस बंद आहे. एजंट म्हणतो, पार्ट मागवलाय. या महिन्याचं भाडं रोखून धरलं तर जागे होतील का?
– एक वाचक, लीड्स

उत्तर: भाडं रोखू नका. पाणी तापत नाही ही त्यांची चूक, पण भाडं थकवलं की चूक तुमच्या नावावर लागते. १ मे २०२६ पासूनच्या नियमांत तीन महिन्यांची थकबाकी हे घर रिकामं करून घेण्याचं थेट कारण आहे. उलट त्याच तारखेपासून कारण न देता घर सोडायला लावणारी कलम २१ ची नोटीस गेली, त्यामुळे तक्रार केली म्हणून काढतील ही भीती पूर्वीइतकी उरलेली नाही.

आधी दोन गोष्टी स्वतः पाहा. बॉयलरचा दाबमापक थंड असताना १ ते १.५ बार दाखवायला हवा. खाली असेल तर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या भरणीच्या नळीने हळूहळू भरा आणि आकडा आला की दोन्ही तोट्या बंद करा. कडक थंडीत बाहेर जाणारी पांढरी प्लास्टिकची सांडपाण्याची नळी गोठते आणि बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडतो. त्या नळीवर गरम पाणी ओता, उकळतं नको, नाहीतर नळी तडकते. बॉयलरचं झाकण मात्र उघडू नका. गॅसच्या कामाला गॅस सेफ नोंदणी असलेलाच माणूस लागतो.

दुरुस्तीला किती तास, हे कायदा आकड्यात सांगत नाही, ‘वाजवी वेळ’ म्हणतो. भर हिवाळ्यात बारा दिवस वाजवी नाहीत. एजंटला लिहा: पार्ट कोणता, कधी मागवला, कधी येणार, आणि तोवर विजेचे हीटर द्या. विजेच्या मीटरचा फोटो आज काढा आणि दुरुस्तीच्या दिवशी पुन्हा. दोन किलोवॉटचा हीटर सहा तास चालला की बारा युनिट जातात, हा जास्तीचा खर्च मागता येतो.

एजंटच्या डोक्यावरून घरमालकाकडे जा. लेखी विचारलंत तर घरमालकाचं नाव-पत्ता २१ दिवसांत देणं बंधनकारक आहे, न देणं हा गुन्हा आहे. कित्येकदा घरमालकाला बॉयलर बंद आहे हेच माहीत नसतं. एजंटच्या वागणुकीची तक्रार त्याच्याकडेच लेखी करा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर तो ज्या संस्थेचा सदस्य आहे तिथे, म्हणजे प्रॉपर्टी ओम्बड्समन किंवा प्रॉपर्टी रिड्रेस यांपैकी एकीकडे जाता येतं. तिथे एजंटने कळवण्यात दिरंगाई केली का एवढंच पाहतात. घरमालक पैसे द्यायला तयार नव्हता असं निघालं तर ते दार बंद, आणि काउन्सिलचं उघडं.

स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करण्याचा मार्ग आहे, पण पायऱ्या चुकल्या तर अंगाशी येतो. लेखी कळवणं, वाजवी वेळ देणं, ‘आता आम्ही करून घेऊ’ अशी लेखी सूचना, तीन दरपत्रकं पाठवून पुन्हा थोडा वेळ, मग सर्वांत स्वस्त दराने काम आणि पावती. बॉयलरसारख्या महागड्या कामात वकिलाच्या किंवा सल्ला केंद्राच्या कानावर घातल्याशिवाय यात पडू नका.

प्रश्न: पुढच्या आठवड्यात नव्या घराची चावी मिळतेय. एजंटने ४२ पानांची इन्व्हेंटरी पाठवलीय, सात दिवसांत सही करून द्या म्हणतात. एवढं सगळं तपासावं लागतं का?
– एक विद्यार्थी, नॉटिंगहॅम

उत्तर: हो. वरची पत्रं लिहिणाऱ्यांना विचारा. सामान आत आणण्याआधी, रिकाम्या घरात, दिवसाच्या उजेडात दोन तास काढा. प्रत्येक खोलीचा दारातून एक फोटो आणि प्रत्येक दोषाचे दोन: एक लांबून, जागा कळावी म्हणून, एक जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. गादी उलटी करून, ओव्हन उघडून, सिंकखालच्या कपाटात टॉर्च मारून, पडदे बाजूला सारून खिडकीच्या चौकटी पाहा. सगळे नळ एकदम सोडून पाणी तुंबतं का ते बघा. मीटरचे आकडे, चाव्यांची संख्या, धुराच्या आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची बटणं दाबल्याचा व्हिडिओ घ्या. प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म हवाच, आणि गॅसची शेगडी सोडून बॉयलरसारखं जळणावर चालणारं बसवलेलं उपकरण असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा.

इन्व्हेंटरीतल्या ‘चांगल्या स्थितीत’ या शब्दांवर नुसती सही करू नका. त्या ओळीपुढे लिहा: ‘दाराच्या खालच्या कडेला ४ सेंटिमीटर टवका, फोटो १७’. मग दुरुस्त केलेली प्रत फोटोंसह ईमेलने पाठवा, म्हणजे तारीख आपोआप लागते. सात दिवस उलटले तर तुम्ही यादी मान्य केलीत असा अर्थ एजंट काढेल, आणि उशिरा पाठवलेल्या फोटोंचं वजन खरोखरच घटतं, म्हणून मुदत पाळा. गॅस सुरक्षेचा चालू वर्षाचा दाखला आणि पाच वर्षांच्या आतला वीज-तपासणीचा अहवालही याच ईमेलमध्ये मागून घ्या.

प्रश्न: घर सोडताना कळलं की डिपॉझिट कुठल्याच स्कीममध्ये ठेवलेलं नाही.
– एक वाचक, हाउन्स्लो

उत्तर: खात्री करा. तिन्ही स्कीमच्या संकेतस्थळांवर आडनाव, पोस्टकोड, भाडेकराराची सुरुवात आणि रक्कम टाकून शोधता येतं. करारावर ज्याचं नाव आधी त्याच्या आडनावानेही शोधा. खरंच नसेल तर पैसे मिळाल्यापासून ३० दिवसांत ते ठेवणं आणि त्याची ठरावीक माहिती तुम्हाला देणं, ही दोन्ही बंधनं मोडली आहेत. कोर्ट डिपॉझिट परत देववून वर त्याच्या एक ते तीन पट दंड तुम्हाला देववू शकतं. एजंटने ठेवलं नाही म्हणून घरमालक सुटत नाही. दाव्याआधी १४ दिवसांची मुदत देणारं पत्र पाठवा, सोबत पैसे भरल्याचं बँकेचं पान जोडा. अशी बरीच प्रकरणं त्या पत्रावरच मिटतात.